शीतलची स्कॉलरशिप

तुम्हाला वाटतं मी कधी कुणावर जळत नाही. मग हे ऐका.

काळेवाडीत आमच्या समोरच्या खोलीत शीतल राहायची. दोघींचे वडील चाकणला कंत्राटी कामगार, आणि आम्ही दोघी आकुर्डीला एकाच वर्गात इंजिनिअरिंगला. गरीब घरच्या मुलींसाठी एका संस्थेची स्कॉलरशिप होती, फी आणि वर लॅपटॉप. दोघींनी फॉर्म भरला. यादीत तिचं नाव आलं, माझं नाही. मी तोंडदेखलं अभिनंदन केलं आणि त्या दिवशी जेवले नाही.

आठवड्यानं संस्थेच्या मॅडम तिच्या घरची चौकशी करायला आल्या. दाराला कुलूप होतं, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "यांची परिस्थिती कशी आहे?"

"बरी आहे की," मी म्हटलं. "मागच्याच महिन्यात फ्रीज घेतलाय."

मॅडमनी ते लिहून घेतलं. तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"जुना घेतलाय मॅडम. तिच्या आजीला इन्सुलिन लागतं, ते ठेवायला. ही सांगायची विसरली."

मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलेलं खोडलं.

पंधरा दिवसांनी शीतल लॅपटॉप घेऊन थेट आमच्याकडे आली. "मॅडम म्हणाल्या, शेजाऱ्यांनी नीट सांगितलं म्हणून काम झालं. कोण होतं गं घरी?"

"आई होती," मी म्हटलं.

ती आईच्या पाया पडली आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "पहिल्यांदा तूच चालू कर."

एवढा राग मला तिचा आधी कधीच आला नव्हता.