झाडांखालचा बर्फ

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून, डोळे मिटून बसलेल्या शाळेतल्या बाईंच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं.

“बाबा, उपग्रहाच्या फोटोत झाडांखालचा बर्फ दिसतच नाही. आमचं मॉडेल तिथे शून्य धरतं. मग बर्फ वितळून धरणात पाणी किती येणार, ते चुकतं.”

“शून्य कसा असेल? तीस वर्षं काठी रोवून मोजलाय मी.”

“म्हणून तर विचारतेय. थेंबांमुळे तुमचेही डोळे मिटलेलेच आहेत, तर मनानेच चला वर डोंगरात.”

“पहिल्या वळणावर गुडघाभर. दाट झाडीत कमरेइतका, ऊन तापलं तरी हलत नाही. पुढे खिंड. सांभाळून, इथे पाय घसरतो.”

“हं, आलेच मागून.”

“बाई, तुमचा नंबर,” नर्सने हाक मारली.

“जरा थांबा,” डोळे न उघडताच बाई म्हणाल्या, “आम्ही अजून खाली उतरलो नाही.”