एकोणनव्वद दिवसांची ताई

नाही, पण मला एक सांगा, तात्पुरतं म्हणजे किती दिवसांचं? आं? तुम्ही शिकलीसवरलेली माणसं, सांगा! पाहुणा आला, चार दिवस राहिला, तो तात्पुरता. दुखऱ्या दाढेत कापसाचा बोळा धरला, तो तात्पुरता. गळक्या नळाला चिंधी बांधली... बरं, ती आमच्याकडे सहा वर्षं आहे, ते सोडा... पण बारा वर्षं? बारा वर्षं एक बाई एकाच सरकारी हॉस्पिटलच्या एकाच लाँड्रीत, एकाच मशीनपुढे उभी, आणि ऑफिसात विचारलं की उत्तर काय? "त्या होय? त्या तात्पुरत्या!"

तुम्हाला सांगतो, ही बाई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. ताई. सत्तावन्न वर्षांची. कुणाची तरी महिनाभराची रजा होती म्हणून बदलीवर लागली. रजेवर गेलेली बाई परत आलीच नाही आणि ताई राहिली ती राहिलीच. रक्ताच्या चादरी, औषधाच्या डागांचे गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं, सगळं तिच्या हातचं. ते कपडे धुवायचं मशीन आहे ना, हे एवढं, आमच्या स्वयंपाकघराएवढं, ते तिसऱ्या गिरकीला हटून बसतं. मेकॅनिक येतो, नट पिळतो, जातो, मशीन ढिम्म! मग ताई जाते, डाव्या अंगाला कमरेचा एक धक्का देते की सुरू! त्या धक्क्यावर अख्खं हॉस्पिटल चाललंय हो! आणि बाई तात्पुरती!

आता गंमत ऐका. गंमत कसली, तळपायाची आग मस्तकात जाते! ताईची नेमणूक असते एकोणनव्वद दिवसांची. एकोणनव्वद दिवस झाले की एक दिवस घरी बसायचं, आणि मग पुन्हा नवा कागद, पुन्हा एकोणनव्वद. आमची ताई भोळी सांब. तिला वाटायचं, साहेबलोक दयाळू आहेत, थकलेल्या बाईला विश्रांती देतात. "उद्या माझी सुट्टी हं!" असं कौतुकानं सांगायची! आणि त्या सुट्टीच्या सकाळी हमखास मुकादमाचा फोन, तोंडात साखर घोळवत, "ताई... मशीन रुसलंय हो... जरा मागच्या दारानं येऊन जाता का? हजेरी नाही लागणार, पण तुम्ही काय, घरच्याच!" आणि ही जायची! डबा घेऊन जायची!

मग एक दिवस काय झालं, ताई चादरींचा गठ्ठा द्यायला ऑफिसात गेली आणि वाऱ्यानं मागचं दार लागलं. त्या दाराच्या पाठीवर एक नोटीस. दार कायम भिंतीला टेकलेलं, म्हणजे नोटीस वाचायची तर दार लावायला हवं, आणि दार लागतं ऑफिस बंद झाल्यावर! कुणाची अक्कल ही? नोटिशीत काय, तर तात्पुरत्या कामगारानं सलग नव्वद दिवस भरले आणि अर्ज केला, की त्याला पेन्शन योजनेत घ्यायचं. नव्वद! ताई नियम वाचते, बोटांवर मोजते, पुन्हा वाचते... आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी तिला बारा वर्षांच्या सगळ्या सुट्ट्यांचा अर्थ कळला.

घरी आली ती उंबऱ्यातच बसली. मेव्हण्यांनी चहा केला, तो निवला. शेवटी म्हणाली, "मला धुलाई शिकवलेली मावशी आठवतेय. वीस वर्षं केलं तिनं. जाताना एक स्टीलचा डबा दिला आणि टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या रे!" आणि ढसाढसा रडली. मेव्हणे शिंपी, नजर अधू झालेली, सुईत दोरा जाईना म्हणून दुकान बंद केलेलं. दोघांचं म्हातारपण कशावर काढायचं? टाळ्यांवर?

मी म्हटलं, चल! दुसऱ्या दिवशी दोघं हेडक्लार्कपुढे. हा गृहस्थ समोरच्याकडे बघतच नाही, कागदाकडे बघून बोलतो, म्हणजे आपण बोलतोय की कागद, तेच कळत नाही.

"सलग नव्वद आहेत का?"

ताई म्हणाली, "आहेत की. नव्वदाव्या दिवशीही मी येतेच. बोलावता तुम्ही."

"नोंद आहे?"

"नाही."

"मग तुम्ही आलाच नव्हतात."

"मग चादरी कुणी धुतल्या?"

"ते धुलाई विभागाला विचारा."

"अहो, धुलाई विभाग म्हणजे मीच!"

"बाई, असं पाहा," हा आता समजूत घालायला लागला, "प्रत्येक नेमणूक नवीन. मार्चमध्ये होतात त्या तुम्ही वेगळ्या, जूनमधल्या वेगळ्या. तुमचा एकमेकींशी संबंध नाही."

ऐकताय ना? बारा वर्षांत वर्षाला चार, म्हणजे कागदावर अठ्ठेचाळीस ताया! आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस तात्पुरत्या! मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, "मी वरपर्यंत जाईन!" म्हणालो. तो म्हणाला, "वरचा मजला दुरुस्तीसाठी बंद आहे." ताईनंच माझा दंड धरून मला बाहेर काढलं. "तू ओरडू नकोस. तुझा घसा बसेल, त्यांचं काही उठणार नाही."

पुढचे दोन महिने ही रोज डबा घेऊन कामावर. मला वाटलं, सोडलं हिनं. बारा वर्षांची सवय, मान खाली घालायची. मी मनातल्या मनात तिच्यावरही चिडलो, खोटं का बोलू?

आणि मग आला तो नव्वदावा दिवस. सकाळी मुकादमाचा फोन. "ताई... मशीन रुसलंय हो..." ताई म्हणाली, "येते." गेली. मशीनशेजारी स्टूल टाकलं, हाताची घडी घातली आणि बसली.

"अहो, धक्का द्या ना!"

"आधी आजची नेमणूक लिहून द्या. सही-शिक्क्यासकट."

"अहो ताई, तुम्ही घरच्याच..."

"घरी माझी हजेरी लागत नाही. इथं लावा."

मुकादमाला घाम! धावला हेडक्लार्ककडे. तो आला, कागद नसल्यानं बिचाऱ्याला कुठं बघावं कळेना. "नियमात बसत नाही." ताई म्हणाली, "मीही उठत नाही." तेवढ्यात वरून ऑपरेशनच्या डॉक्टरीणबाई स्वतः खाली, डोक्याला टोपी, "माझी कापडं कुठायत? अकराला पेशंट घ्यायचाय!" सगळं ऐकलं, आणि हेडक्लार्ककडे अशा वळल्या की तो दोन पावलं मागेच गेला. "बारा वर्षं धुतलेलं वापरतेय मी यांचं! आत्ताच्या आत्ता लिहा, नाहीतर तुमच्या अंगातला शर्ट काढा, तो उकळून घेते!"

लिहिलं! एक दिवसाची मुदतवाढ, सही, शिक्का, हजेरीवर नाव. ताईनं कागद वाचला, शाई वाळू दिली, घडी घातली, आणि कमरेच्या किल्लीनं कोपऱ्यातलं कपाट उघडलं... आत ऑपरेशनची सगळी कापडं, धुतलेली, इस्त्री केलेली, घड्या घातलेली! आदल्या संध्याकाळीच जास्त थांबून करून ठेवली होती हिनं. अगं, भांडायचंच होतं तर आधी धुऊन कशाला ठेवलीस, घरी आल्यावर मी विचारलं. म्हणाली, "आत कुणाचं पोट उघडायचं असतं रे. त्या माणसानं माझं काय केलंय?" आणि मग हळूच, "कपाट उघडताना किल्ली दोनदा पडली माझ्या हातून."

इतकी वर्षं मी तिला भोळी म्हणत होतो हो.

अर्ज दिला. या वेळी घ्यावाच लागला. पुढच्या महिन्याच्या पगारातून पेन्शनची पहिली कपात झाली. पगार कापला म्हणून आनंदानं रडलेली बाई तुम्ही पाहिलीय? मी पाहिलीय. शेजारणीला हाक मारून दाखवली तिनं स्लिप! मी हिशेब करायला बसलो, साठीला निवृत्ती, म्हणजे भरणार तीन वर्षं, म्हणजे मिळणार... आणि मेव्हण्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "आज राहू दे," म्हणाले.

बरं, ठीक. राहू दिलं. परवा योजनेचं छापील पत्र आलं, रंगीत, वर हसऱ्या पोरापोरींचा फोटो. ताईनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. "प्रिय सभासद, आपल्या दीर्घ कारकिर्दीच्या प्रारंभीच भविष्याचा विचार केल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन!" माझ्या तर डोक्यात तिडीक गेली, म्हटलं याला कडक उत्तर लिहितो, आण तो कागद! ताईनं पत्र नीट पाकिटात घातलं, भिंतीला धरून, दोन वेळा "आई गं" करत खुर्चीतून उठली, आणि म्हणाली, "लिहू नकोस रे काही. फक्त माझ्या गुडघ्यांना तेवढं वाचून दाखव, कारकीर्द आत्ता कुठं सुरू झालीय म्हणावं!"