मिक्सर चालतो, अंगठा चालत नाही

मिक्सर हासुद्धा कॉम्प्युटर असतो, हे तुम्हाला माहीत होतं का? मला आमच्या धरणगावात यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कळलं.

मी घरोघरी जाऊन पुरणाचे मांडे करते. मांडे भाजायच्या तापलेल्या खापराने बोटांच्या रेषा पार गेल्या. रेशन दुकानातलं यंत्र माझा अंगठाच घेईना, आणि अंगठा नाही तर गहू नाही. दुकानदार म्हणाला, "अक्का, यंत्र चांगलं आहे. कॉम्प्युटरवाल्याला विचारा."

कॉम्प्युटर क्लासवाल्या भाऊंचा मोबाईलवर मदतीचा ग्रुप आहे. तिथे विचारलं. भाऊंनी माझा प्रश्न पुसून टाकला आणि लिहिलं, "इथे फक्त कॉम्प्युटरचे प्रश्न. अंगठ्याचं यंत्र आपला विषय नाही."

चार दिवसांनी त्याच ग्रुपवर भाऊंचाच प्रश्न आला, "पुरण वाटताना मिक्सर बंद पडतो, काय करू?" बठ्ठा, अगदी सगळा ग्रुप उत्तरं द्यायला धावला. मी विचारलं, "भाऊ, तुमना मिक्सर कॉम्प्युटर शे का?"

"अक्का, सणाचं घर आहे, समजून घ्या," म्हणाले. "आणि उद्या मांडे करायला या."

गेले. घरात गहू नसताना रुसून कोणाला दाखवू? त्यांच्या गव्हाचे मांडे केले. पहिला घास घेऊन भाऊ म्हणाले, "अक्का, तुमच्या हाताला तोड नाही."

मी अंगठा त्यांच्या ताटासमोर धरला. म्हटलं, "नीट बघा भाऊ. हाच तो, तुमचा विषय नसलेला."