हिरवं झालं की विचारत नाही

—नाही नाही मॅडम, ती पाटी नका दाखवू मला. टॅबलेट म्हणा नाहीतर काय म्हणा, आम्ही पाटीच म्हणतो. तिच्यात काय दिसतंय ते पाठ आहे मला. हिरवं दिसतंय. पंखा हिरवा, पट्टा हिरवा, बेअरिंग हिरवं — सगळं शेवाळ धरल्यासारखं हिरवंगार. आणि तिकडं पुठ्ठा वाळवायच्या खोलीत जाऊन बघा, तोच पंखा आडवा पडलाय, दांडा वाकलाय, भिंतीला हे एवढं भोक. मग खोटं कोण? पंखा? बसा. ते स्टूल घ्या, खाली काहीतरी टाका, ग्रीस लागलंय. तुमच्याच कंपनीनं हे सॉफ्टवेअर आमच्या डोक्यावर बसवलं आणि जबाब घ्यायलाही तुम्हीच आलात — छान आहे. काय म्हणता? आजच्या यादीत एकच लाल राहिलंय? ‘अपघाताचा जबाब’? म्हणजे माझं बोलणं पण जॉबच झालं का तुमच्यात! घ्या लिहून. करा हिरवं.

मी चौथी शिकलोय. तीही वर्गाबाहेर उभं राहून जास्त. पण मशीन मला सांगते तिला काय होतंय. ही सळई बघा — एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं इथं, कानामागच्या हाडाला. असं. बेअरिंग धड असलं की झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरतं. ग्रीस आटलं की दाताखाली खडा आल्यासारखं करतं, कुर्र, कुर्र. एकदा ऐकलंत तर जन्मात विसरणार नाही. आणि काम काय राहिलं ते त्या फळ्यावर खडूनं लिहायचो. होईपर्यंत पुसायचं नाही. डबा खाताना समोर, पाणी पिताना समोर — डोळ्यांत खुपत राहायचं. मग आले तुम्ही. प्रत्येक मशिनीला तो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा स्टिकर, त्यावर पाटी धरा, टुक करा, मग खाली दाबा ‘झालं’. तीन माणसं आम्ही, दिवसाचे जॉब चौसष्ट! भोंगा व्हायच्या आत झालं नाही की लाल, आणि लाल थेट मोठ्या साहेबाच्या फोनवर. तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहून सगळ्यांपुढं वाचून दाखवणार. त्याला मशिनीचं काय डोंबल पडलंय! लाल दिसता कामा नये, बस.

तुमचं लक्ष मघापासून त्या फळीवर आहे. बघा, जवळ जाऊन बघा. तुमचेच स्टिकर. मशिनीवर धूळ बसते, तेल उडतं, पाटी वाचत नाही, चार-चार वेळा पुसत बसा — मग एके दिवशी ब्लेडनं सगळे सोलून आणले आणि ओळीनं तिथं चिकटवले. बसल्या जागी टुक, टुक, टुक. कुणाची अक्कल? माझी. लिहा! आधी आम्ही काम करून यायचो आणि मग टुक करायचो, खरंच सांगतो. मग आधी टुक आणि मग काम. मग... असो. आणि सगळं हिरवं झालं की ती पाटी काय करते माहितीये ना? दोन हात येतात आणि टाळ्या वाजवतात. पिवळे, गुबगुबीत हात. मला शिसारी यायची. नातवंडं झाली मला, आणि मला टाळ्या?

नाव वाचू नका. माहितीये कुणाचं आहे. ‘बारा तारखेला ग्रीस घातलं’ — खाली माझ्या साडूचं नाव. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्याला इथं मीच चिकटवला. परवा पंखा किंचाळायला लागला तेव्हा सगळे बाहेर पळाले आणि हा शहाणा आत पळाला, बटण बंद करायला. बटण दाबलंन् पण. तेवढ्यात पट्टा तुटला आणि जाळी फोडून आला. उजवा हात. अंगठा तेवढा राहिलाय. आणि मोठा साहेब काल सगळ्यांपुढं म्हणतो, यानंच लिहिलंय ग्रीस घातलं म्हणून, घातलं नाही, म्हणजे याचीच चूक, याला काढणार. कशावरून? पाटीवरून! काल संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. मेहुणी बाहेर बाकावर, माझ्याशी अक्षर बोलली नाही. दमली असेल. तिला कुठं काय माहितीये. आत तो पडलेला, हाताचं हे एवढं गाठोडं. मला म्हणतो — मी मोठा ना, मला थोरले म्हणतो — “थोरले, मी ग्रीस घातलं होतं का हो? मला काही केल्या आठवत नाही. पण पाटीत आहे म्हणजे घातलंच असेल ना?”

मी म्हटलं, झोप.

...काही नाही. डोळ्यांत भुसा गेला, पुठ्ठ्याचा.

मेहुणीला काय माहिती नाही, म्हणता? अहो, बारा तारखेला तो होताच कुठं इथं! आईच्या डोळ्याची पट्टी काढायची होती, दोनलाच गेला. नऊ जॉब राहिले होते. लाल झाले असते, साहेबानं त्याची आई काढली असती दारात. पाटी उघडायचा त्याचा नंबर मला पाठ — चारदा एकच आकडा, गाढव कुठला. फळीपुढं बसलो आणि नऊच्या नऊ टुक करून टाकले. म्हटलं, पंख्याला ग्रीस तेवढं आत्ता जाऊन घालतो. ग्रीसगन हातात घेतली होती, विचारा कुणालाही! तेवढ्यात पाण्याचा पंप फुटला, तिकडं धावलो. सकाळी यादी बघतो तर पंखा यादीत नाही. कशाला असेल? हिरवं झालं की ती विचारत नाही. महिनाभर विचारत नाही. फळ्यावर असता तर... साडू आला, त्यानं हिरवं बघितलं, त्याला वाटलं झालं असेल.

ऐकू नाही आलं का? आलं! आठवडा झाला असेल. पुठ्ठ्याची गाडी घेऊन त्या खोलीच्या दारावरून जात होतो, आतून आलं — कुर्र. सळई इथंच होती. सळई घ्यायच्या ऐवजी मी पाटी घेतली. हिरवं. म्हटलं, हिरवं आहे, आपलेच कान म्हातारे झाले. थू! ते हिरवं कुणी केलं होतं? ह्या बोटानं! तुमच्या सॉफ्टवेअरला काय शिव्या घालू, त्याला मी जे सांगितलं ते त्यानं ऐकलं. किळस येते मला. जेवताना ह्या हाताची किळस येते.

लिहिलंत? वाचून दाखवा. पुन्हा, सावकाश. बारा तारखेला ग्रीस घातलं नाही, खूण मी केली, साडू नव्हता. त्याचं नाव काढा वरून. काढलं? माझं घाला. अं? ‘झालं’ माझ्याच बोटानं दाबायचं? द्या इकडं. कुठं, इथं?

टुक.

...हे काय? मॅडम, हे काय लागलंय? तेच हात? — बंद करा. बंद करा ते! उचला, उचला ती पाटी माझ्यासमोरून. आणि जाताना दार ओढून घ्या.