तेरावी बरगडी

अध्यक्षस्थानी असलेले प्राचार्य प्रेमराज सर, संस्थेचे चिटणीस रतिलालभाऊ, चोपड्याहून आणि धरणगावहून मुद्दाम आलेले आजी-माजी विद्यार्थी, सेवानिवृत्त होणारे आमचे प्रयोगशाळा परिचर हिलालभाऊ आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी यशोदाबाई, सर्वांना नमस्कार.

व्यासपीठावर वानराचा सांगाडा का आणला, असं मघाशी कुणी विचारलं. सांगते.

एकोणीस वर्षांपूर्वी विजेच्या तारेला चिकटून हे वानर गेलं. वनखात्याची परवानगी आली. हिलालभाऊंनी ते महाविद्यालयामागे पुरलं, काही महिन्यांनी उकरलं, माती चाळणीतून गाळून बोटांची हाडंसुद्धा वेचली आणि सांगाडा तारेने जोडला. चाळणी घरची होती. यशोदाबाई, ती परत आली नाही. विभागातर्फे दिलगीर आहे.

मी तेव्हा प्राणीशास्त्र विभागात नवीन होते. विद्यापीठाची समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. मी बरगड्या मोजल्या. उजवीकडे बारा, डावीकडे तेरा. पुस्तकात बारा जोड्या. मी वर्गासमोर म्हणाले, "भाऊ, दुसऱ्या प्राण्याचं हाड मिसळलंत तुम्ही."

ते म्हणाले, "वांदर एकच व्हतं, मॅडम. बठ्ठा हाडका त्यानाच शेतस."

सगळी हाडं त्याचीच, हे ऐकून वर्ग हसला. मी पक्कड घेतली आणि डावीकडची ती आखूड तेरावी बरगडी तारेतून काढली. त्यानंतर किती वर्षं 'हाडं मोजून घ्या, हिलालभाऊंनी जोडलीत' हा विनोद या महाविद्यालयात चालला? तो माझ्यापासून सुरू झाला.  ते मात्र सांगाडे जोडत राहिले.

गेल्या जूनमध्ये फळ्यावर लिहिताना माझा हात गार पडू लागला. खडू सुटायचा. जळगावला डॉक्टरांनी हात वर धरायला सांगितलं आणि नाडी पाहिली. लागेना. मग एक्स-रे. मानेच्या खालच्या मणक्याला एक जादा बरगडी होती, आणि हाताकडे जाणारी धमनी तिच्यावरून वळसा घेत होती. हात उचलला की दबत होती.

मी डॉक्टरांना म्हणाले, "पण पुस्तकात..."

ते म्हणाले, "पुस्तकाचा एक्स-रे नाही काढला मी."

जळगावहून घरी न जाता मी प्रयोगशाळेत आले. सांगाडा खाली उतरवला. डावीकडे, बाराव्या बरगडीच्या खालच्या मणक्यावर, एक लहान गुळगुळीत खळगा होता. बरगडी टेकायची जागा. तो इतकी वर्षं तिथेच होता.

 हिलालभाऊंनी कपाटाच्या वरच्या फळीवरून चुन्याची जुनी डबी काढली. कापसात बरगडी होती. मी म्हणाले, "भाऊ, लावू या आत्ताच."

त्यांनी डबी मिटली. "काढी तैं बठ्ठा व्हतात, मॅडम. लावाना टाइमले बी बठ्ठा राहू द्या."

काढली तेव्हा सगळे होते, म्हणून आज, सगळ्यांसमोर. माझं ऑपरेशन झालं, हात बरा आहे. सर्जनने माझी बरगडी काढली ती नीट पाहून. मी वानराची काढली ती न पाहता. हा फरक मला पदवीने शिकवला नाही, एका परिचराने शिकवला. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांनो, टेबलावरचं शरीर आणि पुस्तक जुळलं नाही, तर आधी पुन्हा पाहा. पक्कड नंतर.

हिलालभाऊ, हाडं मिसळली नव्हती. हे मी त्याच आवाजात सांगते आहे, ज्या आवाजात तेव्हा बोलले होते. सांगाड्याखालची पाटी काल बदलली. जोडणाऱ्याचं नावही तिच्यावर आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलं, आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. वानरात अधिक काही नव्हतं. उणं मी केलं होतं.

शाल-श्रीफळ थोडं थांबेल. भाऊ, या. तार आणि पक्कड टेबलावर आहेत. सगळे बसलेले आहेत.