तुळशीतली बांगड्याची मुंडकी

मावशीने शपथ घातलीये, त्यामुळे खरं तर हे मी तुम्हाला सांगायला नको. आमची तुळस वाढतच नव्हती. मावशी शेतकी शिकते. ती घाटकोपरला आमच्याकडे आली आणि आईच्या नकळत तिने कुंडीत बांगड्याची मुंडकी पुरली.

"तुळशीत मासे?" मी विचारलं.

"अगं, माशात फॉस्फरस असतो. पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. मातीतले जंतू मुंडकी कुजवतील, तेव्हा तो सुटा होऊन मुळांना मिळेल. ताईला बोलू नकोस हं, मला घरात घेणार नाही ती."

मावशी परत गेली. काल मांजराने कुंडी उकरली. अर्धवट कुजलेली मुंडकी आईने पाहिली.

"करणी केलीये कुणीतरी," ती म्हणाली. "समोरच्या वहिनींशिवाय इथे येतंय कोण?"

त्या वहिनी मला रोज गणित शिकवतात. मी सांगणारच होते, पण मावशीची शपथ आठवली. आज भगत येऊन नाव सांगणार आहे. त्याने तोंड उघडायच्या आधीच मी आईला सांगणार आहे, की ती मुंडकी...

"सुमे, वर ये गं," आईने जिन्यातून हाक मारली. "भगत आलेत. वहिनींनाही बोलावलंय."