यजमानाचा पहिला घोट

सावा नदीकाठच्या आमच्या गावातल्या दवाखान्यात मी नंबर लावून बसलो होतो. शेजारी रणगाड्यांच्या कारखान्यातले दोन म्हातारे होते, मातो आणि योझा.

"योझा, आपला रणगाडा चिखलातून कसा सुसाट गेला होता! तो परदेशी पाहुणा सेनापती टाळ्या वाजवत होता. मग विकत का नाही घेतला रे त्याने? जेवायला तू होतास ना त्याच्यासोबत?"

"होतो. त्याने एवढंच विचारलं, तुमच्या सैन्याने किती घेतले?"

"आपला देश केवढासा! आपल्याला लागतात किती?"

"तेच सांगितलं मी. तर म्हणाला, उद्या तुमचा कारखाना बंद पडला तर सुटे भाग कुणाच्या दारात मागू?"

"आणि मोठ्या देशांचे रणगाडे काय सोन्याचे असतात?"

"लोखंडाचेच. पण त्यांच्या स्वतःच्या सैन्यात हजारो असतात, मातो. त्यांच्यासाठी तरी सुटे भाग बनतच राहतात."

"मरू दे त्याला! ही घे, माझ्या घरची आलुबुखाराची दारू. यंदा अमृत उतरलंय."

"आधी तू. पहिला घोट यजमानाचा."

"मला बंद केलीय रे डॉक्टरीणबाईंनी."

"मग ठेव पिशवीत."

"अरे, पण चांगली आहे!"

"रणगाडाही चांगलाच होता."